जुन्या भाषेतला दोष

लिस्प या संगणकभाषेचा एक चिमुकला इंटरप्रिटर आम्ही नुकताच लिहिला. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या भाषेचा अर्थ लावणारे ‘इव्हॅल’ हे फंक्शन त्याच भाषेत मांडले आहे. त्यांच्या लेखी ते कागदावरचे गणित होते. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्रावर उतरवले, आणि भाष्यच बोलू लागले!

आमचे घोडे एका नावापाशी अडले. फंक्शनमध्ये आलेल्या, पण तिथे अर्थ न दिलेल्या नावाचा अर्थ कुठे शोधायचा? फंक्शन रचले त्या संदर्भात, की वापरले त्या? पत्रातले ‘इथे’ लिहिणाऱ्याच्या गावचे, की वाचणाऱ्याच्या? मूळ लिस्प वापराचा संदर्भ धरते. पुढे खुद्द मॅकार्थींनीही हा दोषच मानला. १९७५ च्या ‘स्कीम’ने रचनेचा संदर्भ स्वीकारला.

आम्ही सवयीने ‘स्कीम’चाच मार्ग धरला होता. उत्तरे बिनचूक येत होती. भाषा मात्र १९६० ची उरली नव्हती. पोथीतला खटकणारा पाठ मनाने सुधारू नये, असे आम्हीच वर्गात बजावत आलो आहोत. ओशाळून त्या चार ओळी पुसल्या. उत्तरे पुन्हा चुकू लागली, तेव्हा कुठे बरे वाटले.