वरच्या पायरीचे कार्ड

हॉटेलांच्या साखळ्या ग्राहकाला आपल्याशी बांधून ठेवण्यासाठी जी योजना चालवतात तिला लॉयल्टी प्रोग्रॅम म्हणतात, आणि त्या योजनेचे पॉइंट रोजच्या खर्चावरही मिळावेत म्हणून बँक व हॉटेल कंपनी मिळून जे क्रेडिट कार्ड काढतात ते को-ब्रँडेड कार्ड होय. अशा कार्डाच्या साध्या प्रकारावरून वरच्या प्रकारावर जावे की नाही, म्हणजेच अपग्रेड घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता फी आणि पॉइंट यांच्या वजाबाकीचा वाटतो. परंतु वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, सोपाऱ्याला लागून असलेल्या वाड्यांच्या पट्ट्यातील गाससारख्या गावात तो एखाद्या कुटुंबासमोर येतो, तेव्हा घरचा पैसा मुळात जातो कोठे आणि विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवायचा, हे प्रश्नही त्याच्यासोबत येतात.

भारतात या प्रकारची दोन कार्डे प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. मॅरियट बॉनव्हॉय या नावाचे एचडीएफसी बँकेचे कार्ड ऑगस्ट २०२३ मध्ये आले; त्याची वार्षिक फी ३,००० रुपये असून १८ टक्के जीएसटी धरून ती ३,५४० होते, आणि बदल्यात दरवर्षी १५,००० पॉइंटपर्यंतची एक मोफत रात्र मिळते. या कार्डाला पायऱ्या नाहीत. पायऱ्या आहेत त्या टाटा न्यू कार्डाला, ज्याची नाणी, म्हणजे त्या योजनेचे पॉइंट, ताज, विवांता, जिंजर अशा इंडियन हॉटेल्स कंपनीच्या हॉटेलांत एका नाण्याला एक रुपया या भावाने चालतात. जाहीर दरांनुसार खालच्या ‘प्लस’ कार्डाची फी ४९९ रुपये आहे, त्यावर टाटांच्या दुकानांतील खर्चाला २ टक्के आणि इतर खर्चाला १ टक्का नाणी मिळतात. वरच्या ‘इन्फिनिटी’ची फी १,४९९ रुपये असून तेथे हेच दर ५ टक्के आणि दीड टक्का होतात. वर्षाला १ लाख रुपये खर्च झाल्यास ‘प्लस’ची पुढची फी माफ होते, तर ‘इन्फिनिटी’ला त्यासाठी ३ लाखांचा खर्च लागतो.

या आकड्यांत एक खाच आहे, आणि जाहिरात वाचताना ती नजरेतून सुटते. ज्या घराचा कार्डावरचा खर्च १ ते ३ लाखांच्या दरम्यान आहे, त्याला ‘प्लस’ फुकट पडते आणि ‘इन्फिनिटी’साठी जीएसटीसह सुमारे १,७६९ रुपये मोजावे लागतात, इतर खर्चावरचा अर्ध्या टक्क्याचा फरक ही रक्कम भरून काढायला साडेतीन लाखांहून अधिक खर्च मागतो, म्हणजे त्या पट्ट्यात ती कधीच भरून निघत नाही. टाटांच्या दुकानांतील तीन टक्क्यांच्या फरकाने मात्र सुमारे ५९,००० रुपयांच्या खरेदीतच हिशेब जुळतो. तेव्हा सारा निर्णय खर्च किती यापेक्षा खर्च कोठे, यावर येऊन ठेपतो, आणि येथेच गावाचा प्रश्न उभा राहतो.

गासच्या घरातला पैसा बहुतेक अशा जागी जातो जेथे कार्ड पोहोचत नाही किंवा पोहोचले तरी नाणी पडत नाहीत. विहिरीवरची मोटर जळली की ती गुंडाळून देणाऱ्या कारागिराच्या हातावर रोख ठेवावी लागते. टोपलीतली मासळी दारात विकत घेतली जाते. वाडीतली केळी उतरवणाऱ्या आणि मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या मजुरांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. स्थानकापर्यंतची रिक्षा सुट्या पैशांवर चालते. पेट्रोल, घरभाडे, सरकारी देणी आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर टाटा न्यू कार्ड मुळातच नाणी देत नाही. हा सगळा खर्च वजा केल्यावर जो उरतो तोच कार्डाचा खरा खर्च, आणि तो काढायला मागच्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे टाटा, इतर किंवा शून्य असे लिहिण्याइतके साधे काम पुरते. पुढे कधीतरी खर्च वाढेल या आशेवर वरचे कार्ड घेणे म्हणजे फी आज आणि फायदा अनिश्चित काळासाठी उधार.

दुसरा प्रश्न शब्दाचा. पॉइंट कोठून येतात हे समजले की त्यांचे स्वरूपही उलगडते: दुकानदार कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर काही टक्के शुल्क देतो, त्यातला हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, आणि त्याच उत्पन्नातून बँक हॉटेल कंपनीकडून पॉइंट विकत घेऊन ग्राहकाला देते. पॉइंटची किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र योजना चालवणाऱ्याकडेच राहतो. मॅरियटने मार्च २०२२ मध्ये ठरलेल्या दरांचा तक्ता काढून टाकला, तेव्हापासून रात्रीचे पॉइंट मागणीनुसार कमीजास्त होतात. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी मोफत रात्रीत बसणारी खोली नाताळच्या आठवड्यात त्यात बसत नाही, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांना सुटी असते ती नेमकी नाताळात. टाटा न्यूनेही ऑगस्ट २०२४ पासून ‘इन्फिनिटी’वर इतर ॲपच्या यूपीआय आयडीवरून केलेल्या खर्चाची नाणी अर्ध्या टक्क्यावर आणली. यात बेकायदा काही नाही, कारण तसा हक्क अटींतच राखून ठेवलेला असतो. पण ग्राहकाने गोळा केलेली वस्तू त्याच्या मालकीची नसून दुसऱ्याच्या मर्जीवर टिकणारी आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

या परिसराला याहून वेगळ्या शब्दाची ओळख आहे. नाशिकच्या पांडवलेणीतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे गासच्या शेजारचे सोपारा, येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्याचे नोंदले आहे. तेथेच कोरलेल्या त्याच्या दुसऱ्या एका लेखात विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याचे आणि त्यांतील २,००० वर दरमहा एक टक्का, तर १,००० वर पाऊण टक्का व्याज ठरल्याचे सांगितले आहे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. तिचे मुद्दल कधी मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दर दगडात कोरला गेल्याने तो कोणालाही वाचता येत होता आणि गुपचूप बदलता येत नव्हता, ही गोष्ट आजच्या अटींच्या पानांकडे पाहताना फार मोलाची वाटते. अलीकडचे उदाहरण वसईतच आहे: १९१८ साली पापडी येथे सुरू झालेली बॅसीन कॅथलिक सहकारी बँक सभासदांच्या भागभांडवलावर उभी राहिली, आणि सहकाराच्या नियमाप्रमाणे सभासदाकडे शेअर कितीही असले तरी वार्षिक सभेत त्याला एकच मत असते. हॉटेलच्या योजनेतही ग्राहकाला सभासदच म्हणतात, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देतात, पण पॉइंटचा भाव ठरताना त्याला मत नसते.

तरीही हौसेला कमी लेखू नये. आयुष्यभर वाडीत राबलेल्या आईवडिलांना एक रात्र अपोलो बंदरच्या ताजमध्ये, १९०३ साली उघडलेल्या त्या इमारतीत, समुद्राकडे तोंड करून चहा पाजावा असे मुलांना वाटणे हे अगदी रास्त आहे. मात्र त्यासाठी नाणी साठवणे हा लांबचा रस्ता आहे. ताजऐवजी मॅरियटचे उदाहरण घेतले तरी, त्या कार्डावर साध्या खर्चाला १५० रुपयांमागे २ पॉइंट मिळतात, त्या हिशेबाने १५,००० पॉइंट जमायला ११ लाख २५ हजार रुपये खर्च व्हावे लागतात. दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकणारे घर अशा रात्रीपर्यंत बरेच आधी पोहोचते, आणि तारीखही स्वतः निवडते. त्यातून बिल पूर्ण न भरता किमान रक्कम भरण्याची सवय जडली तर सारेच फसते. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर ३०,००० रुपये एक महिना मागे राहिल्यास १,०५० रुपये आणि त्यावर जीएसटी लागतो. तेवढी नाणी दीड टक्क्याने मिळवायला ७०,००० रुपये खर्चावे लागतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अशा व्याजावर वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

बँकेचा फोन येतो तेव्हा घाई करण्याचे कारण नसते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड अपग्रेड करता येत नाही, आणि तसे करून आकार लावला तर तो परत करून वर त्याच्या दुप्पट दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे. फोनवर सहज उच्चारलेला होकार संमती म्हणून नोंदला जाऊ शकतो, म्हणून अटी लेखी मागवून घ्याव्यात, विशेषतः विमानतळावरील लाउंजच्या, कारण अशा सवलती आता ठरावीक खर्चाशी जोडल्या जाऊ लागल्या आहेत.

एका वर्षी मात्र गासच्या घराने वरच्या कार्डाचा विचार जरूर करावा, ते वर्ष घरात लग्न असण्याचे. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही मिळून १,२०,००० रुपयांची खरेदी क्रोमासारख्या टाटांच्या दुकानातून व्हायचीच असेल, तर ‘प्लस’वर २,४०० नाणी मिळतात आणि ‘इन्फिनिटी’वर ६,०००, जादा फी वजा जाताही सुमारे १,८०० रुपये हाती राहतात. मंडपाचे, केटरिंगचे बिल कार्डाने भरता आले तर ३ लाखांचा टप्पाही ओलांडला जातो. हा टप्पा गाठला नाही, तर लग्न उरकल्यावर, पुढच्या फीची तारीख येण्याआधी, पुन्हा खालचे कार्ड मागून घ्यावे.