दादाचे तारण

जुन्या मुंबई-पुणे मार्गावर चौक हे गाव आहे. पावसाळ्यात तेथून इर्शाळगडाकडे पाहिले की त्याचा सुळका कधी ढगांत बुडालेला, तर कधी लख्ख धुतलेला दिसतो. गडाच्या माथ्याशी एक नेढे आहे. कातळाला पडलेले ते आरपार भोक एका बाजूने दिसते, दुसऱ्या बाजूने दिसत नाही.

या गावात माझा थोरला भाऊ पंधरा वर्षे भाड्याच्या खोलीत राहिला. वडिलांच्या पश्चात वसईच्या वाडीच्या वाटणीवरून आम्हां भावांत बोलणे तुटले. ज्या चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसत असे, तेथे येणे त्याने सोडले. पुढे गावही सोडले आणि कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने तो इकडे आला.

आईच्या आग्रहाखातर मी एकदा त्याला भेटायला गेलो. उंबऱ्यातूनच म्हणालो, "दादा, मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. असाच मेलास तर तारण गेलं म्हणून समज." तो रागावला नाही. "चहा घेशील ना?" एवढेच त्याने विचारले. मी चहा न घेता परतलो.

तीन वर्षांपूर्वी दादा गेला. धर्मगुरूंना कळवण्याइतकाही अवधी मिळाला नाही. शेजारच्या काकूंनी सांगितले की, आदल्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला होता, "माझं चुकलं." कोणाला उद्देशून, ते त्यांना कळले नाही. दफनविधीनंतर आईने मला विचारले, "बाळा, दादाचं तारण गेलं का रे?"

उत्तरासाठी मी वाचू लागलो. कॅल्विनच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट बांधव मानतात की, देवाने खरोखर निवडलेला माणूस अखेरपर्यंत टिकतोच. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण मात्र वेगळी आहे. १३ जानेवारी १५४७ रोजी त्रेंतच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केले की, लाभलेली कृपा अविश्वासाने गमावता येते. इतकेच नव्हे, तर श्रद्धा शाबूत असतानाही कोणत्याही प्राणघातक पापाने ती गमावता येते.

हा निर्णय मी दादाला लावण्यासाठी वाचत होतो. तो माझ्यापाशीच येऊन थांबला. श्रद्धा शाबूत असलेला माणूस तर मीच होतो. सख्ख्या भावाविषयी मनात अढी धरून मी दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेत होतो.

पाप प्राणघातक ठरण्यासाठी विषय गंभीर असावा लागतो. शिवाय पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमतीही असावी लागते. दादाचे चर्चला न येणे मला दिसत होते. त्यामागची जाणीव आणि संमती मला कोठून दिसणार? मी ज्या बाजूला उभा होतो, तेथून नेढे दिसत नव्हते.

त्याच धर्मपरिषदेने हेही सांगितले की, गमावलेली कृपा प्रायश्चित्त संस्काराने पुन्हा लाभते. धर्मगुरू भेटणे अशक्य असेल, तर देवावरील प्रीतीतून उपजलेला परिपूर्ण पश्चात्तापही, पापनिवेदनाची इच्छा मनी असता, माणसाचा देवाशी समेट घडवतो.

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. पुढे त्याच मुलुखात श्रद्धेवर बंदी आली. ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून ख्रिस्त नाकारण्याची सक्ती होऊ लागली. कित्येकांनी पाय ठेवला. त्यांच्यापाशी धर्मगुरू उरले नव्हते. होती ती १६०३ सालची पश्चात्तापाविषयीची एक पुस्तिका. तिच्या नकला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लपवून जपल्या. १७ मार्च १८६५ रोजी त्यांचे काही वंशज नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतिजाँ यांच्यापुढे येऊन उभे राहिले आणि आपण त्यांच्याच श्रद्धेचे असल्याचे त्यांनी सांगितले. हुतात्म्यांची नावे आपण वेदीवर घेतो. पाय ठेवून घरी रडणाऱ्यांची नावे देवापाशी असतील.

ख्रिस्तसभेने आजवर हजारो संत घोषित केले. परंतु अमुक एक माणूस नरकात गेला, असे एकाही माणसाविषयी घोषित केलेले नाही. जे तिने केले नाही, ते मी चौकच्या एका उंबऱ्यावर उभा राहून केले होते.

उधळ्या पुत्राने आपण स्वर्गाविरुद्ध आणि बापाविरुद्ध चुकलो, हे एकाच दमात कबूल केले. दादाचे "माझं चुकलं" कोणासाठी होते, हा प्रश्न त्यामुळे मला आता तितकासा छळत नाही.

हे सारे मी आईला सांगितले. शेवटी म्हणालो, "आई, दादाचा न्याय देवाकडे आहे. त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करू. धोक्यात होतं ते माझंच तारण."

आई बराच वेळ जपमाळेचे मणी ओढत राहिली. मग म्हणाली, "तर मग पापनिवेदनाला जा."

त्या शनिवारी मी गेलो.