संदर्भासह स्पष्टीकरण

परवा रात्री पुण्याहून नातीचा फोन आला. यंदा तिचा नीटचा दुसरा प्रयत्न. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाली, "आजी, नवीन वर्षाला मला यिर्मया 29:11 निघालं होतं. म्हणजे माझा नंबर लागणारच ना गं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! पण तोंडातून निघेना. का निघेना ते आज लिहिते. घरच्यांना यातलं अर्धं ठाऊक आहे, उरलेलं मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या मंडळीबाहेरचे वाचकही इथे येतात, म्हणून आधी थोडं सांगायला हवं. 31 डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये जागरणाची उपासना असते. बारा वाजले, हस्तांदोलनं झाली की एक ताट फिरतं. त्यात छोटी कार्डं उपडी ठेवलेली असतात. प्रत्येकानं एक उचलायचं. त्यावर पवित्र शास्त्रातलं एखादं अभिवचन छापलेलं असतं, ते वर्षभर आपलं. लहानपणापासून मला त्या ताटाची फार ओढ. वर्षभर कार्ड पर्समध्ये ठेवायची मी.

2010 सरताना मला हेच वचन निघालं होतं. देवाच्या मनात आपल्याविषयी भल्याचेच बेत आहेत, तो आशा देणारा आहे, अशा अर्थाचं. तेव्हा आमच्या ह्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. कार्ड वाचलं आणि मला रडूच आलं. वाटलं, झालं! देवानं उत्तर दिलं. ते कार्ड मी त्यांच्या उशीखाली ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला खात्रीनं सांगायची, हे बरे होणार म्हणून. ऑगस्टमध्ये हे गेले.

भेटायला आलेल्यांपैकी एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, विश्वासात कुठेतरी कमी पडलात." त्यांचा हेतू वाईट नसावा. पण ते वाक्य मी किती रात्री उगाळलं! चर्चला जात होते, गाणी म्हणत होते, घरी मात्र बायबल उघडत नव्हते. जवळजवळ वर्षभर. हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग एका दुपारी, कूलरसमोर पडल्या पडल्या, मनात आलं की अगं, तू इतकी वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलंस. 'कोण कोणास म्हणाले?' हा प्रश्न घातलास. संदर्भ न देता नुसता अर्थ लिहिणाऱ्या पोरांचे मार्क कापलेस. आणि स्वतः काय केलंस? एक ओळ उचललीस आणि उशीखाली ठेवलीस!

उठले आणि एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओवीपासून... (ओवी कसली, वचन! मराठीच्या मास्तरणीची सवय.) तर पहिल्या वचनापासून वाचला. ते एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगून चुकलाय की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. तो खोटा ठरतो. यिर्मया म्हणतो, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सुटका सत्तर वर्षांनी. हे दहाव्या वचनात आहे, आणि मग माझं कार्डावरचं अकरावं!

सत्तर वर्षं! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कुणीच परतणार नव्हतं. मी हनन्याचं ऐकायचं म्हणून यिर्मयाचं कार्ड उचललं होतं.

त्या दिवशी मला ह्यांनी सांगितलेली हिस्लॉपसाहेबांची गोष्ट आठवली. ह्यांना इतिहासाचं वेड. मुलं लहान असताना काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं दाखवायला आम्हा सगळ्यांना उन्हात नेलं होतं. तिथेच सांगितली. स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडहून नागपूरला आले, शाळा काढली, इथले दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा-गाणी गोळा केली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटला अशीच वर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीच्या मुक्कामी परतत होते. नाल्याला पाणी चढलेलं. घोडा एकटाच परत आला. वयाची 46 वर्षंही पुरी झाली नव्हती.

यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात नद्यांतून जाताना देव सोबत असल्याचं अभिवचन आहे. हिस्लॉपसाहेबांनी ते किती वेळा वाचलं असेल! त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांनी जमवलेले गोंडांविषयीचे कागद रिचर्ड टेंपलनी 1866 साली छापले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं 1883 साली, ते गेल्यावर वीस वर्षांनी. त्यांनी ते पाहिलं नाही. आमच्या किती पिढ्या शिकल्या तिथे.

दुःख त्यानं कमी झालं का? नाही. डायलिसिसच्या वाऱ्या, ह्यांचे सुजलेले पाय, सगळं अजून स्वप्नात येतं. देवाशी भांडणंही होतात माझी. पण बायबल पुन्हा उघडलं. रोज एक पूर्ण अध्याय, तुकडा नाही. अंगणात लिंबाचं झाड लावलं, कारण बागा लावा असं स्पष्टच लिहिलंय! गल्लीतल्या दोन मुली संध्याकाळी मराठी शिकायला येतात. एकीला अजून जोडाक्षरं जमत नाहीत.

तर नातीला मी म्हटलं, "बाळा, नंबर लागेल की नाही मला नाही माहीत. त्या वचनात ते लिहिलेलं नाही. तू अध्याय पहिल्यापासून वाच आणि मग मला फोन कर."

रुसली. मला वाटलं आता चार दिवस काही फोन येत नाही. पण काल रात्री साडेदहाला आला.

"आजी, हे तर सत्तर वर्षं म्हणतायत!"

"हो."

"आणि तोवर घरं बांधा म्हणतायत."

"हो गं."

थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "आजोबांच्या वेळचं ते कार्ड आहे का अजून तुझ्याकडे?"

आहे. त्याच अध्यायात ठेवलंय. उशीखाली राहून एक कोपरा दुमडलाय. फोटो काढून पाठव म्हणाली. आज शेजारच्या मुली आल्या की त्यांच्याकडून काढून घेईन, मला तो मोबाईल काही नीट धरता येत नाही.