गाडीतला रेडिओ

बारावीचा निकाल लागला तेव्हा आजीनं बक्षीस म्हणून पाच हजार रुपये हातात ठेवले. २०१९ सालची गोष्ट. त्यात ट्यूशनचे दीड हजार घालून मी बाबांच्या गाडीत नवा स्टिरिओ बसवला. बाबांना न विचारता. म्हणजे, सरप्राइज द्यायचं होतं.

गाडी २०१० सालची मारुती रिट्झ, तीही सेकंडहँड घेतलेली. कंपनीचाच स्टिरिओ होता: एएम, एफएम, सीडी आणि केशरी अक्षरांची एक बारीकशी पट्टी. बाबा त्याला 'टेप' म्हणायचे. त्यात कॅसेट कधीच जात नव्हती, पण गाडीत गाणी वाजतात ती टेपवर, हे त्यांच्या डोक्यात जे बसलंय ते बसलंय. पुण्याचा माझा मावसभाऊ सुट्टीत गाडी घेऊन आला होता. त्याच्या गाडीत सात इंची स्क्रीन. हात लावला की गाणं बदलतं, फोन वाजला की स्क्रीनवर नाव येतं. ते बघितल्यापासून आमची केशरी पट्टी मला बघवेना.

बेळगावात गाड्यांचं असलं सामान बसवून देणारी दुकानं भरपूर आहेत. मी एका दुकानात गेलो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५० वॅट × ४' लिहिलं होतं. दोनशे वॅट! घरातला पंखा पंचाहत्तर वॅटचा, मग ह्याचा आवाज केवढा, असा हिशेब मी केला. पुढं फिजिक्स जरा डोक्यात शिरल्यावर कळलं की सेटच्या मागं फ्यूज होता दहा अँपिअरचा, आणि गाडी चालू असताना मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. गुणाकार केला तर १४४ वॅट. फ्यूजमधून सतत जातातच १४४, तर स्पीकरला दोनशे कुठून मिळणार? एका स्पीकरला खरे वीसेक वॅट मिळाले तरी नशीब. पण तेव्हा हे कुठं ठाऊक होतं. खोका बघूनच मी खूश.

दुकानातल्या पोरानं चाळीस मिनिटांत काम उरकलं. डॅशबोर्डची फ्रेम उचकटली, जुना सेट बाहेर ओढला आणि पक्कडीनं मागच्या वायरी कचाकच कापल्या. कपलरसकट. कपलर म्हणजे वायरींच्या टोकाला असतो तो प्लॅस्टिकचा खटका, जो सेटच्या मागं घट्ट बसतो. न कापता मध्ये जोडायचा तयार कपलर बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळतो, हेही मला नंतर कळलं. पोरानं वायरी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली, स्क्रीन बसवली आणि ब्लूटूथवर गाणं लावून दाखवलं. निळे-जांभळे दिवे लागले. किल्ली काढली तरी स्क्रीन चालूच होती, म्हणून विचारलं तर म्हणाला, "फीचर हाय ते."

बाबा संध्याकाळी घरी आले. बघितलं, स्क्रीनवर बोट फिरवलं. "छान आहे की," म्हणाले. आणि जुना सेट कुठाय म्हणून विचारलं. मी डिकीत टाकला होता. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

आता बाबांचा धंदा सांगायला हवा. शेतीपंपाचे सुटे भाग दुकानदारांना पोचवायचे. आठवड्यातले चार दिवस ते साडेसहाला घर सोडतात आणि हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कधी चिकोडी असं करून संध्याकाळी परततात. म्हणजे गाडीत माझ्यापेक्षा तेच जास्त असतात. मी फार तर रविवारी आईबरोबर बाजारात जायला बसणार. हा साधा विचार सहा हजार पाचशे रुपये मोजताना माझ्या मनात आला नाही.

जुलैत एकदा भर पावसात सकाळी गाडी चालूच होईना. बॅटरी उतरली होती. शेजारचे काका आणि मी धक्का मारला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बाबा काहीच बोलले नाहीत, पण रात्री गाडी लावताना बॅटरीची वायर सोडून ठेवायला लागले आणि सकाळी पुन्हा जोडायला. दहा नंबरचा पाना कायमचा त्यांच्या खिशात.

गणपतीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर निपाणीला गेलो. हायवेला लागेपर्यंत गाडीत शुकशुकाट. मला वाटलं, मी काहीतरी लावावं म्हणून वाट बघतायत. मी फोन जोडून गाणी लावली. त्यांनी ऐकली. हत्तरगीचा टोलनाका गेल्यावर घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "सात-दहा झाले बघ."

"काय असतं सात-दहाला?"

"बातम्या. ह्याच्यावर लागत नाहीत रे."

सात वाजून दहा मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून मराठी प्रादेशिक बातम्या असतात, आणि बाबा त्या सांगली केंद्रावर ऐकायचे. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. सांगली सोडून ते धारवाडही ऐकायचे, ७६५ वर. धारवाड तर जवळचं, घरातल्यासारखं लागतं. कानडी बातम्या, शास्त्रीय गाणं, शेतीचा कार्यक्रम, बाबांना सगळं चालतं. मे महिन्यापासून ह्यातलं काहीच लागत नव्हतं. चार महिने माणूस मुकाट्यानं निपाणीला जाऊन येत होता.

मी म्हटलं, "मग फोनवर ऐका की. आकाशवाणीचं अॅप आहे."

"गाडी हाकताना फोन कोण बघत बसणार? आणि तवंदी घाटात रेंज जाती."

मग जरा वेळानं, रस्त्याकडं बघतच म्हणाले, "आमच्या घरी रेडिओ सांगलीवरच असायचा. आई काटा हलवू द्यायची नाही. कुणी हात लावला की पुन्हा सापडायचं नाही म्हणून."

हीच ती आजी, जिनं मला पाच हजार दिले होते.

आपल्या भागात मराठी म्हटलं की पाट्या, मोर्चे, खटले हेच आधी आठवतं. ते आहेच. पण मध्यम लहर निपाणीच्या अलीकडं संपत नाही आणि टोलनाक्यावर थांबत नाही. बाबा कधी मोर्च्याला गेलेले मला आठवत नाहीत. त्यांची मराठी रोज सात-दहाला लागायची, आणि मी ती काढून माळ्यावर ठेवली होती.

घरी आल्यावर मी सेटच्या मागं लागलो. सेटिंगमध्ये एएम होतंच, पण आकडे दहा-दहाच्या उडीनं पळत होते: १२४०, १२५०, १२६०. आपल्याकडं मध्यम लहरींची स्टेशनं नऊ-नऊच्या अंतरानं असतात, अमेरिकेत दहाच्या. सेटचा प्रदेश 'अमेरिका' असाच राहिलेला. सांगली एका किलोहर्ट्झनं हुकत होती, तेवढं एकवेळ चाललं असतं. धारवाडचे ७६५ मात्र ७६० आणि ७७० यांच्या बरोबर मध्ये पडत होते. मी प्रदेश बदलला. १२५१ आकडा स्क्रीनवर आला. ओरडून बाबांना बोलावलं.

आणि आवाज? तापलेल्या तेलात मिरच्या टाकाव्यात तसा. खर्रर्र. त्यामागं कुणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं.

ह्याचं कारण शोधायला मला आठवडा लागला. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, आणि विजेचा कुठलाही खरखराट त्याच उंचीत येऊन मिसळतो. एफएममध्ये आवाज कंपनसंख्येत असतो, म्हणून तो बऱ्यापैकी सुटतो. स्वस्त स्क्रीनच्या आतली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि तिचा कचरा नेमका मध्यम लहरींत पडतो. म्हणजे आमचा नवा सेट स्वतःच्याच गोंगाटात सांगली बुडवत होता. स्क्रीनचा उजेड कमी केला की खरखर थोडी बदलायची. त्यावरूनच मला संशय आला.

जुना सेट परत बसवायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "कशाला? असू दे की. पैसे घातलायस." पण माळ्यावरून सेट काढायला शिडी त्यांनीच धरली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं कामाला बसलो. कॉलेजच्या लॅबमधल्या काकांनी आपला स्वतःचा मल्टिमीटर दिला, "जाळू नकोस" एवढ्या अटीवर. काळी टेप सोडली तर आत चिकट गुंता. नव्या सेटच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी बॅटरीची कायमची, लाल किल्ली फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची. स्पीकरला पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची काळी रेघ असलेली जोडीदारीण. पण गाडीच्या वायरींचे रंग निराळेच. ह्या पोरानं पिवळी आणि लाल दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीच्या वायरीला बांधल्या होत्या. त्याचं 'फीचर' ते हे. सेट कधी झोपायचाच नाही, रात्रभर बॅटरी पीत बसायचा. बाबा खिशातला पाना चाचपत म्हणाले, "म्हणजे चोर घरातच."

किल्ली बंद ठेवून बारा व्होल्ट दाखवणारी वायर सापडली, ती बॅटरीची. किल्ली फिरवल्यावर जिच्यात बारा येतात ती दुसरी. दिवे लावल्यावर जागी होते ती तिसरी, केशरी अक्षरांच्या उजेडाची. इथवर सोपं होतं. स्पीकर शोधायला मी भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून आणला. सेट जोडलेला नसताना दोन वायरींना सेल क्षणभर टेकवायचा. जोडी बरोबर असेल तर त्या दारात 'टप्' असा आवाज येतो. मी पुढं डॅशबोर्डखाली डोकं घालून, बाबा मागच्या सीटवर दाराला कान लावून.

"टप्?"

"नाही."

"आता?"

"वाजलं. डावीकडं. पुन्हा कर."

असं अर्धा तास. आई दोनदा चहा घेऊन आली, दोनदा गार करून घेऊन गेली.

कापलेला कपलर दुकानातल्या त्या पोरानं आमच्या समोरच डिकीत टाकला होता, तेवढं नशीब. त्याची एकेक वायर सोल्डर करून त्यावर आकसणारी नळी चढवली. नळी घालायला विसरून आधी सोल्डर करायचं, मग शिवी देऊन पुन्हा तोडायचं, हे माझं चार वेळा झालं. पाचव्यांदा बाबांनी नळी आधीच वायरीवर ओवून दिली आणि मग प्रत्येक वेळी देत राहिले.

संध्याकाळी केशरी अक्षरं उजळली. मी १२५१ लावलं. सांगली आली. लांबून, थोडी खरखर, पण शब्द न् शब्द कळणारी. मला वाटलं झालं. बाबा मात्र मान वाकडी करून ऐकत राहिले.

"हा माणूस नीट बसला नाही."

"कुठला माणूस?"

"बोलतोय तो. आधी इथं समोर बसायचा," त्यांनी काचेकडं बोट केलं. "आता खिडकीच्या बाहेर उभा राहून बोलतोय."

मी पुन्हा पुन्हा ऐकलं. खरंच आवाज पोकळ होता, कुठून येतोय कळत नव्हता. मी पुढच्या डाव्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं जोडलं होतं. एक स्पीकर पडदा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, दोघांचं एकमेकांत वजा होतं, आणि आवाजातला जाडपणा सगळ्यात आधी जातो. पुस्तकात हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं, व्यतिकरण म्हणून. बाबांनी वाचलं नव्हतं. त्यांना तो माणूस कुठं बसायचा ते माहीत होतं.

दोन वायरी सोडून उलट्या जोडल्या. निवेदक काचेसमोर येऊन बसला.

"हां," बाबा म्हणाले. "आता कसं."

स्क्रीन मी मावसभावाच्या मित्राला तीन हजाराला विकली. आजीला हिशेब सांगितला तेव्हा ती म्हणाली, साडेतीन हजारात शिकवणी स्वस्त पडली. दिवे-बिवे गेले, ब्लूटूथ गेलं. आईनं थोडे दिवस तक्रार केली, तिला गाणी आवडायला लागली होती. तिच्यासाठी एक सीडी भरून दिली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीला मी पुन्हा बाबांबरोबर गेलो. हत्तरगीच्या पुढं सात-दहा झाले. वरून विजेच्या मोठ्या तारा रस्ता ओलांडतात तिथं बातम्या खरखरल्या, आणि खरखर सुरू व्हायच्या आधीच बाबांचा हात बटणाकडं गेलेला होता. आवाज वाढवला, तारा मागं पडल्यावर पुन्हा कमी केला. ठळक बातम्या संपल्या तशी त्यांनी मान किंचित मागं वळवली.

"मागचं उजवं दार जरा कमी वाजतंय काय रे?"

"वाजतंय की."

"नाही. बघू रविवारी. आणि तो घड्याळातला सेल परत घातलास काय? घरातलं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे."