सुटणारा सांधा

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या सेलू-जिंतूरकडच्या गावांत लाकूड आवाज करायला लागतं. पारा ४२-४३ अंशांना टेकलेला असतो. दाराच्या फळ्यांमध्ये फटी पडतात, गाडी हलली की चाकाचे आरे खुळखुळतात, भिंतीला टेकवलेल्या वखराच्या दिंडातली पाचर नुसत्या दोन बोटांनी उपसून येते. नवख्याला वाटतं, सुतारानं काम कच्चं ठेवलं. पण ती पाचर ठोकतानाच सुताराच्या मनात ती काढायचा दिवस असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि उरलेला वेळ सुतारकामात. घराच्या पडवीत रंधे, पटाश्या, खतकस, गुण्या, गिरमिट असा संसार मांडलेला आहे. हौसेचं काम, पोट त्यावर कधी अवलंबून नव्हतं. शिकलो ते गावच्या सुतारमामांकडून. ते जमिनीवर मांडी घालून बसत, लाकूड पायाच्या तळव्यांत दाबून धरत आणि वाकसाने तासत. वाकसाचं पातं अंगठ्यापासून बोटभर अंतरावर उतरायचं आणि ढलपी वळून बाजूला पडायची. त्यांच्या पायांनी जी पकड घेतली ती माझ्या लोखंडी शेगड्याला अजून साधलेली नाही.

पाचर कशी करायची हे त्यांनी पहिल्यांदा शिकवलं. बाभळीचं लाकूड, तेही आतल्या नारेचं. बाहेरचं पांढरं लाकूड भुंगा खातो. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी, मध्ये गाठ नको. उतार इंचाला एक सूत. जास्त उतार दिला तर ठोकल्यावर पाचर उलट उडी मारते. कमी दिला तर आत रुतते आणि पुन्हा निघता निघत नाही. ‘‘लेकरा, पाचर बसविणं कुणालाबी जमतं,’’ ते म्हणायचे, ‘‘काढता आली पायजे.’’ हे वाक्य मी तेव्हा कामापुरतं ऐकलं. आता इतकी वर्षं लाकडात हात घातल्यावर वाटतं, गावातल्या सगळ्या सुतारकामाचा कणाच त्यात आहे.

लाकडाचा स्वभावच तसा आहे. ते लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं आडवं. त्यातही गाभ्याकडून सालीकडे जितकं आटतं, त्याच्या साधारण दुप्पट ते खोडाच्या गोल वलयांच्या दिशेनं आटतं. म्हणून ओल्या लाकडात पाडलेलं गोल भोक वाळल्यावर अंडाकृती होतं. उन्हाळ्यात आटणं आणि पावसाळ्यात फुगणं हे आमच्या काळ्या जमिनीसारखंच दरसाल चालतं. अशा लाकडाचे सांधे कायमचे बांधून टाकले तर ते कुठेतरी फाटणारच. सैल झालं की ठोकायचं आणि तुटलं की काढायचं, अशी सोय सांध्यातच ठेवावी लागते.

वखरच घ्या. दिंड म्हणजे आडवं मुख्य लाकूड, त्यात बसवलेली जानोळी, त्यांना धरलेली लोखंडी पास, पुढे हाळीस, मागे रुमणं. जुन्या वखरात लाकडाला लाकूड जोडायला खिळा नसायचा. होती ती लाकडाच्या टोकाची कूस, ती जिच्यात बसते ती साल, आणि पाचर. हाळीस मोडली तर हाळीस बदला. दिंड तसंच राहतं. पास झिजली की लोहाराकडे शेवटायला, म्हणजे तापवून धार काढायला, न्या. लाकडाला हात लागत नाही. तिफणीचंही तसंच. चाडं फुटलं तर चाडं नवं, नळी चिरली तर नळी नवी. आणि जुवाच्या शिवळी, म्हणजे बैलाच्या मानेशी खोचलेल्या खुंट्या, पाहिल्यात? जुवापेक्षा त्या बारीक. बैल बिथरून हिसका बसला तर मोडायची ती शिवळ, जू नव्हे. शिवळ बांधावर बसून कुणीही नवी तासून घेऊ शकतो. काय मोडायचं हे ज्याला आधी ठरवता येतं, त्याला मी खरा कारागीर म्हणतो.

यामागे पोटाचा हिशोबही होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. गावगाड्यातल्या बलुत्याची सविस्तर मांडणी त्यात आहे. सुतार आणि लोहार हे थोरल्या ओळीतले बलुतेदार. खळ्यावर रास झाली की त्यांचा वाटा धान्यात मिळायचा आणि त्या बदल्यात वर्षभर कुणब्याची आऊतं चालती ठेवायची. गाडी किंवा घराचं काम वेगळं; त्याचे वेगळे पैसे. म्हणजे वखर दहादा मोडला तरी सुताराला धान्य तेवढंच. मग तो दुरुस्तीला वेळ लागेल असा वखर कशाला करील? चार ठोक्यांत सुटणारा आणि चार ठोक्यांत बसणारा सांधा हा त्याच्याच सोयीचा होता. या व्यवस्थेनं माणसांना जातीत आणि गावात जखडून ठेवलं, खालच्या ओळीतल्यांच्या पदरात फार थोडं टाकलं. ती गेली याचं मला दुःख नाही. पण दुरुस्ती करणाऱ्याचं आणि वापरणाऱ्याचं हित एका सांध्यात बसवण्याची ती रीत मात्र मला अजून विचार करण्यासारखी वाटते.

लाकडी रंधा हातात घेतला की हीच रीत हत्याराच्या पोटातही सापडते. रंध्याचं पातं लाकडी ठोकळ्यात पाचरेनंच धरलेलं असतं. पात्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की धार केसभर पुढे येते. ठोकळ्याच्या मागच्या टोकावर मोगरी मारली की पातं मागे सरकतं, पाचर ढिली होते. धार लावायला पातं काढणं म्हणजे एका ठोक्याचं काम. अमेरिकेत लिओनार्ड बेलीनं १८६७ च्या सुमारास स्क्रू फिरवून पातं वरखाली करण्याची युक्ती काढली, पुढे स्टॅन्ले कंपनीनं त्याची पेटंटं घेतली, आणि आज दुकानात मिळणारे लोखंडी रंधे बहुतेक त्याच वंशातले. माझ्याकडे दोन्ही आहेत. लोखंडी रंधा अचूक आहे, मान्य. पण सागाच्या फळीवर शेवटचा हात मी लाकडी रंध्यानंच फिरवतो, कारण त्याचा ठोका कानाला कळतो. पाचर पक्की बसली की आवाज बदलतो, डोळ्यांनी पाहावं लागत नाही.

कुदळीचा दांडा तर पाचरही मागत नाही. बारीक टोकाकडून तो कुदळीच्या नेढ्यातून ओवायचा आणि जाड टोक नेढ्यात अडकतं. जितका घाव घालाल तितका तो आवळतो. काढायचा तर बारीक टोक दगडावर आपटा, कुदळ खाली घसरते.

सगळ्याच सांध्यांना सुटं ठेवून चालत नाही. गाडीच्या चाकाला धाव चढवताना मी लहानपणी अनेकदा उभा राहिलोय. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, वर सहा पुठ्ठे. एकेका पुठ्ठ्यात दोन आरे. लोखंडी धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी आखूड केलेली. ती गोवऱ्यांच्या आरात तापवायची. लोखंड शंभर अंश तापलं की मीटरमागे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर वाढतं. लालभडक झालेली पंधरा फुटांच्या घेराची धाव इंचभर तरी वाढते. सांडशांनी उचलून ती चाकावर टाकायची, घणानं बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धूर आणि वाफ एकदमच उठायची, आणि मग आतले आरे करकरत एकेक करून जागेवर बसल्याचा आवाज यायचा. त्या इंचभर आकसण्यात सगळं चाक एकजीव होतं. हे काम उन्हाळ्यात करायचं, लाकूड पूर्ण आटलेलं असताना. म्हणजे पावसात ते फुगेल ते धावेच्या आतच. तरीही पुढच्या मे महिन्यात चाक खुळखुळलंच तर गाडी दुधना नदीच्या पाण्यात नेऊन उभी करत, म्हणजे लाकूड फुगून सांधे आवळायचे.

फेविकॉल १९५९ साली बाजारात आलं. त्याआधी सुतार सरस शिजवायचे; जनावरांच्या कातड्या-हाडांचा, वास मारणारा, गरम असतानाच लावावा लागणारा. फेविकॉलनं सुताराचा वेळ वाचवला, वासही गेला, आणि सांधा लाकडापेक्षा मजबूत झाला. मीही ते वापरतो. पण सरसाला ऊब आणि ओल दिली की जुनी खुर्ची सांध्यांतून उलगडायची. आजच्या खुर्चीचा एक पाय मोडला की आख्खी खुर्ची भंगारात जाते. प्लायवूडच्या कपाटांचं तेच. घर बदलताना ती एकदा उचलली जातात, दुसऱ्यांदा सांध्यापाशी भुगा होतो. ज्या वस्तूला उघडायची वाटच ठेवलेली नाही ती विकत घेतल्यावरही पुरती आपली होत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दरवर्षी १८ मेला, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, परभणीच्या कृषी विद्यापीठात खरीप मेळावा भरतो, तिथं मी जमेल तेव्हा जातो. विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर संशोधन करणारा प्रकल्प आहे. त्यांची बैलांची अवजारं मांडलेली असतात. सगळी लोखंडाची. पण जवळ जाऊन पाहिलं की फण नट-बोल्टांवर दिसतात, पिकाप्रमाणे अंतर बदलता येतं. मला तिथं बोल्टाच्या जागी पाचरच दिसते.

आमच्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान टाकलेला एक पोरगा आहे, माझाच विद्यार्थी. परवा वखर जोडत होता. पास सरळ जानोळ्यांना वेल्ड करणार होता. मी म्हटलं, ‘‘अरे, झिजल्यावर ही शेवटायला कशी काढणार?’’

तो हसला नाही, विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘गुरुजी, रोटाव्हेटरला बी एक बोल्ट मुद्दाम कच्चा राहतो. दगडात अडकला की तो तुटतो, गिअरबॉक्स वाचतो. एकानं चांगला पोलादी बोल्ट टाकला, तर त्याचा गिअरबॉक्सच गेला.’’

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. वर्गात तो गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा.

मग दोघं मिळून बसलो. पासेला दोन्हीकडे बोल्ट द्यायचे ठरले. भोक बोल्टापेक्षा अर्धा सूत मोठं, म्हणजे माती बसली तरी निघेल. हाळीस बैलाच्या खांद्याला हलकी पडावी म्हणून लाकडाचीच. बाभळीचा एक सरळ वासा मी विहिरीच्या हौदात मुरत टाकून ठेवलाय, तो आता काढून सावलीत वाळवायचा. रुमणं त्याच्या आजोबांच्या वखराचं शाबूत आहे, तेच बसेल. फक्त त्याची साल जुन्या दिंडाच्या मापाची आहे, ती पटाशीनं थोडी उकरावी लागेल. ते काम त्यानं माझ्याकडे दिलंय.