होडीचा रंग

रंग ही केवळ डोळ्यांची बाब आहे, असे आपण समजतो. पण वैशाखातल्या भर दुपारी मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला हात लावून पाहा. रंग कातडीलाही कळतो! डांबर फासलेल्या अंगावरून हात झटक्यासरशी मागे येतो. शेजारच्या पांढऱ्या फळीवर तो खुशाल टेकवता येतो. ऊन तेच, लाकूडही तेच. पण काळा रंग आलेले बहुतेक सगळे ऊन पोटात घेतो, तर ताजा पांढरा रंग त्यातले ७० ते ८० टक्के आल्या पावली परत पाठवतो.

म्हणून काळा रंग वाईट असे मात्र नव्हे. पाण्याखालच्या तळाला तो खुशाल द्यावा. समुद्र त्याला तापू देत नाही. तोच तळ महिनाभर वाळूवर पडला, की फळ्या सुकून आकसतात आणि सांधे उघडतात. जाणता मालक त्यावर नारळाची झापे घालतो, ती यासाठी.

आमच्या शाळेमागे राहणाऱ्या एका तांडेलाच्या घरी गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधी, रंगावरून बापलेकांत चांगलेच वाजले. मुलाला सगळी होडी गडद निळी हवी होती. म्हातारा म्हणाला, "निळी बरी दिसतली रे, पण बर्फाक पैसे खंयसून हाडतलंस?"

प्रश्न रोकडा होता. फळीखालच्या खणात मासळी बर्फावर असते. वरची फळी तापली, की बर्फ लवकर वितळतो आणि बंदराला लागेपर्यंत बांगड्याचे डोळे गढूळ होतात. रंगाची हौस अशी थेट चुलीपर्यंत पोहोचते.

पण मुलाचेही एक म्हणणे खरे होते. तुकतुकीत पांढऱ्या फळीवरून उसळणारे ऊन डोळ्यांत शिरते. समोरचे पाणी दिसेनासे होते. चकाकीने फळी फारशी थंड राहत नाही. चकाकी ऊन एकाच दिशेला फेकते, खरबरीत रंग तेच चहूकडे विखुरतो. घासलेल्या पत्र्याची तर तऱ्हाच निराळी! तो पुष्कळ ऊन परतवतो, पण जे थोडे आत शिरते ते सहजी सोडत नाही, म्हणून चटका देतो. अशी माणसेही आपल्या पाहण्यात असतात.

अखेर फळीला सायीसारखा, बिनचमकीचा रंग लागला; पाय घसरू नये म्हणून त्यात मूठभर बारीक वाळूही पडली. बाजूंना मात्र रुंद निळा पट्टा आला, आणि त्यावर होडीचे नाव मुलाने स्वतः रंगवले.

दिवाळीला आपण घर रंगवतो, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डोळे आपल्या मनात असतात. होडी रंगवणाऱ्याला मात्र आधी आपल्या अनवाणी पायांना विचारावे लागते.