बेगमीचं वर्ष

पगार महिन्याने येतो, पण धान्याला महिना ठाऊक नाही. तूर संक्रांतीच्या आगेमागे निघते. चिंच शिमग्याच्या सुमाराला झाडावरून उतरते. गव्हाच्या गाड्या चैत्रात बाजारात लागतात, आणि कोकमाला रंग चढतो तो वैशाखात. ज्याचा त्याचा हंगाम ठरलेला. त्या थोड्या दिवसांत माल चांगलाही असतो आणि स्वस्तही. ते दिवस हातचे गेले की तोच माल पिशवीत भरून, छापील किंमत लावून वर्षभर दुकानात मांडलेला असतो.

आमच्या घरात दोनाचा एक पगार झाला, तेव्हा मी घर वर्षाच्या हिशेबाने चालवायचं ठरवलं. डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा, चार माणसं, आणि साठवणीला म्हणाल तर पलंगाखालची पोकळी. सासूबाई म्हणाल्या, "गव्हापासून धर. गहू घरात असला की निम्मी काळजी मिटते."

चार माणसांना वर्षाला दोनेक क्विंटल गहू लागतो. लोकवन आणला, गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरून पसरला. उन्हात घातलेल्या गव्हाला एक वास येतो. मातीचा म्हणावा तर मातीचा नाही, भाकरीचा म्हणावा तर तोही नाही. दुपारी अनवाणी पायांनी त्यातून फिरून दाणे वरखाली करायचे. दाणा दाताखाली कटकन वाजला की सुकला. मग तो निववायचा, कारण गरम गहू कोठीत भरला तर आत वाफ धरते आणि पोरकिडे लागतात. तळहाताला एरंडेल लावून दाण्यांना चोळायचं. त्या पातळ थरावर किड्याची अंडी जगत नाहीत. थराथरांत वाळलेला कडुनिंबाचा पाला. सासूबाईंचे हात हे सगळं न बोलता करत होते आणि मी त्यांच्या मागोमाग करत होते. गच्चीवरून दिसणाऱ्या रुळांवर लोकल गाड्या माणसं भरभरून मुंबईकडे जात होत्या. आजवर मी त्या गाडीतून घराकडे पाहत आले होते. त्या दुपारी पहिल्यांदा घराच्या बाजूने गाडीकडे पाहिलं.

मग मिरच्या. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी लवंगी, बरोबर धने, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र. देठं खुडून मिरची कडकडीत वाळवली आणि मसाला डंकावर कांडून आणला. डंकाच्या दारात बायकांची रांग असते, सगळ्यांच्या नाकाला पदर, आणि गप्पा मात्र अखंड. कुणाच्या मसाल्यात खसखस आहे, कुणाच्या नाही, यावरून माहेर ओळखलं जातं. भरलेल्या बरणीत वर हिंगाचे खडे ठेवले. आषाढात पालेभाजी महागली आणि मिळाली तीही चिखलाने भरलेली, तेव्हा ही बरणी, मटकीचे मोड, वालाच्या डाळिंब्या, कुळथाचं पिठलं आणि सांडग्यांची आमटी यांनी घर तोलून धरलं. ताटात काही कमी आहे असं मुलांना कधी वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

पण सगळ्यात लोभस हिशेब दुधाचा. फुल क्रीम दुधाच्या लिटरमध्ये साठेक ग्रॅम स्निग्धांश असतो. दूध तापवून, निववून, फ्रिजमध्ये ठेवलं की त्यातला चांगला वाटा सायीला येतो. रोजची साय एका भांड्यात, तिला विरजणाचा थेंब. आठवड्याने ते आंबूस, घट्ट दही रवीखाली येतं. सुरुवातीला नुसता फेस, मग रवी जड होते, मग एकाएकी आवाज बदलतो आणि पिवळसर कण वर तरंगू लागतात. हा क्षण मी कधी चुकवत नाही. गार पाणी घालून लोणी गोळा करायचं, धुवायचं, कढवायचं. तूप कढताना त्याचा बुडबुडा मोठा असतो तो बारीक होत जातो, आणि तळाशी बेरी तांबूस दिसली की आच बंद. तूप बरणीत, ताकाची कढी, बेरीत गूळ कालवून तो मुलांच्या हातावर. ज्या भांड्यात तूप कढवलं त्यातच पोळ्यांची कणीक मळायची, म्हणजे भांड्याला चिकटलेला ओशटपणाही पोळीत जातो. या साखळीत टाकून द्यावं असं काहीच उरत नाही. मला यातला पैशाचा भाग आवडतो, पण त्याहून ही अखंडता आवडते.

दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, भोपळ्याच्या सालींची, कोथिंबिरीच्या काड्या आमटीला, शिळ्या पोळीचा फोडणी घालून कुस्करा, हे मराठी घरात निराळं सांगायला नको. डाळ रात्री भिजवली की कुकरला शिट्ट्या कमी लागतात आणि १४.२ किलोचा सिलिंडर लांबतो. विजेचंही थोडक्यात सांगते. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट होतात. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॉटच्या आसपास पुरतात, म्हणजे अकराच युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढच्यांचा बराच चढा असल्यामुळे, जे युनिट वाचतात ते वरच्या महागड्या टप्प्यातले वाचतात. दोन पंखे बदलले. पैसे आधी घालावे लागले, सुटायला वेळ लागला.

पैसे आधी घालावे लागले, याच ठिकाणी माझं मन अडकून राहिलं.

सासूबाई माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. आई-वडील खडी फोडायच्या कामावर, त्यांच्याबरोबर त्याही. रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, या दोन चवी त्यांच्या जिभेवरून अजून गेलेल्या नाहीत. एकदा मी कौतुकाने म्हटलं, "आई, तुम्ही लहानपणापासून किती काटकसरीत राहिलात." त्या गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काटकसर करायला घरात काहीतरी असावं लागतं गं. तेव्हा काही नव्हतंच."

त्यानंतर माझी हिशेबाची वही मला निराळी दिसू लागली. चैत्रात वर्षाचा गहू घ्यायचा तर चैत्रात वर्षाचे पैसे हातात हवेत. कोठी ठेवायला जागा हवी, ऊन द्यायला गच्ची हवी, निवडायला मोकळी दुपार हवी. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दहा रुपयांचं तेल आणतात, चहाची पुडी सुटी घेतात, पीठ दोन-दोन किलो. त्यांच्याइतका पैसा जपून खर्च करणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि तरी त्यांना प्रत्येक जिन्नस माझ्यापेक्षा महाग पडतो. वजनाच्या हिशेबाने सगळ्यात चढा भाव सगळ्यात लहान पुडीला असतो. बचतीचे सल्ले वाचताना मला आता हीच गोष्ट आठवते.

मला तरी पैसे कुठून मिळाले? बायकांच्या भिशीतून. इमारतीतल्या भिशीत चैत्रातला नंबर मी मागून घेतला, आणि बाकीच्यांनी कारण न विचारता दिला. एका पगारात वर्षाचा गहू बसत नाही, दहाजणींच्या हप्त्यांत बसतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली उभी राहिली ती याच समजुतीवर: शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एकाच्या घरी उतरवून सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. त्याच्याही तीन वर्षं आधी, त्या दुष्काळाच्याच साली, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या बायका घरी मन लावून काटकसर करणाऱ्याच होत्या. तेलाचा थेंब जपता जपता त्यांना भाव कोण ठरवतं हे कळलं होतं. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून तोडता येत नाहीत, तोडूही नयेत.

म्हणून यंदा गहू आणताना मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, घ्यायला काय, पण एवढे पैसे एकदम?" भिशीच्या पैशातून त्यांचा अर्धा क्विंटल घेतला. महिन्याला थोडे थोडे त्या फेडत आहेत, व्याजाचा प्रश्नच नाही. आमच्याच गच्चीवर तो वाळला. सासूबाईंनी एरंडेल लावायला मावशींना शेजारी बसवलं, तर मावशींचा हात सासूबाईंपेक्षा सराईत निघाला. त्यांचं गाव जालन्याकडचं, घरी एके काळी धान्य साठवायचं बळद होतं. कडुनिंबाबरोबर चुलीतली राखही घालतात, ही गोष्ट मला त्यांनी सांगितली.

परवा भांडी पालथी घालता घालता त्या म्हणाल्या, "पुढच्या साली तूरडाळ पण लिहा माझ्या नावानं. आन माझ्या जावंचा गहू. तिच्याकडं जागा नाय, माझ्याकडं ठिवू." वहीत दोघींची नावं घातली. त्यांच्या चाळीतल्या आणखी दोघी विचारून गेल्या आहेत. एवढा गहू एका भिशीत भागायचा नाही, तेव्हा यंदा दुसरी सुरू करतो आहोत. हप्ता लहान, आणि चैत्राचे नंबर चाळीतल्या बायकांसाठी राखून. गच्ची आठवडाभर लागेल, त्यासाठी सोसायटीला अर्ज लिहून ठेवला आहे. खाली सही सासूबाईंची आहे.